मोए जहाजावर चढली नाही

एका आरमारी लेफ्टनंटानं आपल्या सफरीचं पुस्तक लिहिलं. महासागराच्या पोटातली, कुणी न पाहिलेली बेटं, असं त्यानं म्हटलंय. कुणी न पाहिलेली! तिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं नांदत होती, पण त्यांचे डोळे त्यानं हिशेबात धरले नाहीत. पुस्तकाच्या मोजक्याच प्रती निघाल्या. ज्या उरल्या त्या आता काचेच्या कपाटात असतात आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणाला शिवू देत नाहीत. त्यात हानापुतोच्या खोऱ्यावर थोडी पानं आहेत. नीरफणसावर, गोंदणावर, चोऱ्यांवर. चोऱ्यांवर जरा जास्तच. आणि मोएवर दीड ओळ आहे: एक उंच, आंबट तोंडाची बाई दिवसभर जहाजाच्या कडेला पाण्यात राहून शिव्या देत होती, मणी दाखवले, दोर सोडला, तरी वर आली नाही.

संपली बाई. ती कोण, कुणाची, पाण्यातच का राहिली, हे विचारायला साहेबांना सवड नव्हती. तिच्याच घरी ते बसून जेवले होते, हे मात्र सोयीनं गाळलंय.

मोए हानापुतोचीच. ओढ्याकाठी सपाट दगडावर वडाच्या न् तुतीच्या साली थोपटून कापड करायची. सकाळी तिची थापी वाजायला लागली की खालच्या वस्तीतले लोक म्हणायचे, "उठली मोए. आज कुणाची धडगत नाही." दोन नवरे केले, दोन्ही हाकलले. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "पहिला आळशी होता. दुसऱ्याला आळस करायचाही आळस." आई लवकर गेली, तेव्हा धाकटा कोहुतेआ तिनंच कडेवर वाढवला. तो मोठा होऊन मासेमारीच्या होडीचं सुकाणू धरायला लागला तरी वस्तीत जाताना ती त्याच्या मागं मागं चालायची, कुणी त्याच्याकडून काही उकळत तर नाही ना हे बघत. कारण कोहुतेआ पोटात पाप नसलेला माणूस. असल्या माणसाला बहीण तिखट असावी लागते, नाहीतर लोक त्याला कच्चा खातात.

राजाच्या आरमाराचं ते जहाज खाडीत आलं, नांगर पडला, आणि दुसऱ्याच दिवशी रॉडम नावाच्या लेफ्टनंटानं कोहुतेआशी नाव बदललं.

नाव बदलणं म्हणजे आपल्याकडं नुसता हातात हात देणं नव्हे. नाकाला नाक लागलं, ह्याचं नाव त्यानं घेतलं, त्याचं ह्यानं, की माणूसच बदलला. त्याचं घर ते ह्याचं घर, ह्याची आई ती त्याची आई, ह्याचा वैरी तो त्याचा वैरी. पोरापोरींनासुद्धा हे कळतं. रॉडमला पेनानं समजावूनही सांगितलं होतं. हा पेना म्हणजे देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून पळून आलेला एक गोरा खलाशी, कैक वर्षं खोऱ्यात राहिलेला. मांडी गोंदवून घ्यायला बसला आणि अर्ध्यावर रडत उठला, म्हणून मोए त्याला 'अर्धा' म्हणायची. दुभाष्याचं काम त्याचंच.

रॉडमनं सगळं ऐकलं, हसला, आणि कोहुतेआ होऊन घरात शिरला. कोहुतेआच्या वाडग्यातलं पोपोई, म्हणजे आंबवलेल्या नीरफणसाचा लगदा, खाल्लं. डुक्कर कापलं तर मांडीचा तुकडा उचलला. आजोबांची देवमाशाच्या दाताची कानातली भिंतीवरून काढली आणि आपल्या पेटीत टाकली. त्यांचा युद्धातला सोटाही गेला. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. स्वतःच्या घरातली वस्तू माणूस घेतो त्याला काय म्हणायचं?

मोएच तेवढी करवादली. "आजोबांची कानातली नेली रे त्यानं!"

"त्यानं कुठं? मी नेली," कोहुतेआ हसून म्हणाला. "ताई, तो म्हणजे मीच ना आता."

"तू आहेस होय? मग तू कधी एवढं गिळत नव्हतास ते!"

मग एका सकाळी कोहुतेआ जहाजावर गेला. लपत नाही, छपत नाही, डोक्यावर रॉडमनंच दिलेली टोपी, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला छाती ठोकून सांगितलं, "रॉडम!" शिपाई हसला. कोहुतेआ खाली रॉडमच्या खोलीत गेला. मेजावर पितळी दुर्बीण होती. कुपा माशांची झुंड वर आली की तिच्यावर पक्षी घिरट्या घालतात. ते पक्षी लांबून दिसले तर सगळ्या वस्तीचं भलं, हे त्याच्या मनात कधीपासून होतं. त्यानं आपली दुर्बीण उचलली आणि काखेत मारून शिडीकडं निघाला.

दुर्बीण कप्तानाची होती.

कप्तानाच्या खोलीतून ती रॉडमनंच न विचारता आणली होती. आता खरं बोलावं तर स्वतःच्याच अंगाशी येणार. म्हणून कप्तानानं "चोर! चोर!" म्हणून डेक डोक्यावर घेतला तेव्हा हा दुसरा कोहुतेआ बोटं चोळत गप्प उभा राहिला. दुर्बीण जागच्या जागी परत मिळाली होती, पण कप्तानाचा राग जुना होता. आधीच्या प्रत्येक खाडीत त्याचं काहीतरी गेलं होतं, कुठं खिळे, कुठं बादली. आता जो हाती लागला त्याच्यावर सगळ्यांचं उट्टं निघणार होतं. कोहुतेआला बेड्या घातल्या आणि डेकच्या खाली कोंडला.

ही बातमी पेनानं ओढ्यावर आणली. मोएची थापी थांबली.

"फटके मारणार आहेत," पेना म्हणाला. "आणि संध्याकाळी जमिनीवरचा वारा सुटला की नांगर उचलणार. त्याला बरोबर नेणार, आणि लांब कुठल्यातरी बेटावर सोडून देणार. धडा म्हणून."

"कुठल्या बेटावर?"

"कुठल्याही. जिथं त्याचं कुणी नसेल तिथं."

"आणि दुसरा कोहुतेआ काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"तोंडात काय होतं त्याच्या? माझं डुक्कर?"

ती तशीच उठली आणि प्रमुखाच्या ओट्यावर गेली. ओहोतू खोऱ्याचा प्रमुख, नात्यानं तिचा मामा. कप्तानानं दिलेलं लाल फडकं त्यानं डोक्याला गुंडाळलं होतं आणि नवी कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता.

"मामा, माणसं पाठवा. कोहुतेआला आणायचंय."

"अगं, तोफा आहेत त्यांच्याकडं," ओहोतू म्हणाला. "एका पोरापायी सगळं खोरं जाळून घेऊ का? मी बोलीन त्यांच्याशी. हळूहळू."

"वारा हळूहळू येणार नाही, मामा."

"तुझी जीभ आवर आधी. ह्या जिभेपायीच घर बसलंय तुझं."

"माझ्या जिभेनं कुऱ्हाड नाही घेतली कुणाकडून," मोए म्हणाली आणि किनाऱ्याकडं चालू लागली.

बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही, हा नेम. होडी बाटते, मासा लागत नाही. तेव्हा जहाज कितीही लांब असो, बाई जाणार ती पोहत. मोए पोहत गेली. खाडीच्या तोंडाशी लाटा उलट्या येत होत्या. जहाजाच्या अंगाला पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. पाण्याच्या वर हातभर उंचीवर एक झरोका होता. त्याच्याखाली जाऊन तिनं लाकडावर मूठ आपटली.

"कोहुतेआ!"

आत साखळी वाजली. "ताई? कुठं आहेस गं?"

"पाण्यात. तू?"

"खाली. अंधार आहे, उंदीर आहेत. ताई, माझं काहीतरी चुकलंय, पण काय ते कुणी सांगतच नाही."

"तुझं काही चुकलं नाही. तू मूर्ख आहेस, ते वेगळं."

तो जरा हसला असावा. मग म्हणाला, "वरती पावलं वाजतायत. बायकांची आहेत ना गं?"

मोएनं वर बघितलं. खोऱ्यातल्या चारदोन बायका सकाळीच पोहत येऊन डेकवर चढल्या होत्या, कुणी खिळ्यांसाठी, कुणी नुसत्या गंमतीला. एक खलाशी सारंगी कुरकुरवत होता आणि त्या नाचत होत्या. फळ्यांच्या वर त्या, फळ्यांच्या खाली तिचा भाऊ.

"माझ्या डोक्यावरून चालल्यात, ताई," कोहुतेआ म्हणाला. त्याचा आवाज बेड्यांना भ्यायला नव्हता तेवढा ह्याला भ्यायला होता. पुरुषाचं डोकं म्हणजे त्याच्या पूर्वजांची बसायची जागा. त्यावरून बाईचा पाय गेला की माणूस झिजतो, डोळे जातात, होडीत त्याला कुणी घेत नाही. "तू वर येऊ नकोस हं. तू तरी येऊ नकोस."

"नाही येत."

वरून कुणीतरी तिला बघितलं. दोर खाली आला. एक अधिकारी वाकून निळ्या मण्यांची माळ हलवायला लागला, कोंबडीला दाणे दाखवावेत तशी. मोए पाण्यातून ओरडली, "ते तुझ्या आईच्या गळ्यात घाल, मेल्या!" मग डेककडं तोंड करून, "अगं ए हिनाउते! उतर खाली! उतरा सगळ्याजणी!"

कठड्यावरून हिनाउतेचं डोकं डोकावलं. "काय झालं गं? खिळे देतायत इथं!"

"तुझ्या पायाखाली माझा भाऊ आहे, टवळे!"

"पायाखाली? कुठं?"

"फळीखाली! बेड्या घालून ठेवलाय! नाच त्याच्या डोक्यावर, नाच अजून!"

हिनाउतेनं पायाखाली बघितलं. हातातले खिळे तिनं डेकवरच टाकले आणि कठड्यावरून उडी घेतली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. खलाशी हात धरायला धावले, पण तेल लावलेलं अंग हातात राहत नाही. एकानं चिडून घाण पाण्याची बादली मोएच्या अंगावर ओतली. तिनं बुडी मारली आणि पलीकडं वर येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कप्तानानं मात्र ह्यातून वेगळाच अर्थ काढला. बायका एकदम जहाज सोडून गेल्या म्हणजे पुरुष आता हल्ला करणार, असं त्याच्या दर्यावर्दी शहाणपणात बसत होतं. त्यानं तोफा भरायला लावल्या. एका बहिणीला भावाच्या डोक्याची काळजी आहे, हे त्या शहाणपणात कुठंच बसत नव्हतं.

मोए तिथंच राहिली. दमली की झरोक्याखाली फळीला हात टेकायची, परत शिव्या सुरू. सूर्य डोक्यावर येऊन कलला. आतून कोहुतेआ अधूनमधून विचारायचा, "आहेस ना?" आणि ती म्हणायची, "आहे. मर तू आत, मी आहे इथं."

दुपार उलटली तेव्हा पेना होडीतून जवळ आला. "मोए, ओरडून काही होत नाही. कप्तान ऐकत नाही. आणि रॉडम तर किनाऱ्यावर गेलाय."

"कशाला?"

"तुमच्या घरी त्याची पेटी राहिलीय, ती आणायला. एक खलाशी आहे बरोबर, तो ओढ्यावर पाण्याची पिंपं भरत बसलाय."

मोएनं जहाजाकडं पाठ केली. दिवसभरात पहिल्यांदाच. मग म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ घरी गेलाय. चल, अर्ध्या. बोलायला तू लागशील."

ती घरी पोचली तेव्हा रॉडम ओट्यावर पेटीला दोरी बांधत होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला. तो पेनाकडं वळून भराभरा बोलला.

"म्हणतो, त्याला फार वाईट वाटतं," पेनानं सांगितलं. "म्हणतो, कप्तानाचा हुकूम आहे, त्याच्या हातात काही नाही."

"त्याला म्हणावं, दुर्बीण कुणी आणली होती तेवढं कप्तानाला सांग."

पेनानं सांगितलं. रॉडमनं पेटीकडं बघितलं.

"बरं," मोए म्हणाली. "मग कोहुतेआ, बस. भूक लागली असेल. जेव."

कोहुतेआचा वाडगा पुरुषांचा, त्याला मोएचा हात लागायचा नसतो. चुलतभावानं पोपोई कालवलं आणि वाडगा रॉडमपुढं ठेवला. तेवढ्यात भावकीतले आठ-दहा गडी आले आणि ओट्याच्या पायऱ्यांवर बसले. कुणी रॉडमला हात लावला नाही. दोरी नाही, भाला नाही. नुसते बसले, मांडीला मांडी लावून, आणि त्यांच्यामधून बाहेर जायला वाट उरली नाही.

रॉडम उठला. पायऱ्यांकडं बघितलं. परत बसला.

"अर्ध्या, आता कप्तानाकडं जा," मोए म्हणाली, "आणि मी सांगते ते जसंच्या तसं सांग. म्हणावं, हानापुतोचं काही भांडण नाही. आमचा कोहुतेआ घरी आला, जेवायला बसलाय. तुमचा रॉडम तुमच्याकडं खाली आहे, बेड्या घालून. तुमचा माणूस, तुमचा चोर, तुम्ही बघून घ्या. फटके मारा, नाहीतर फेकून द्या कुठंही. वारा सुटला की खुशाल जा."

पेना तिच्याकडं बघत राहिला. "मोए, तो गोळे घालील."

"घालू दे. त्याचाच माणूस आहे इथं."

पेना गेला. रॉडमला किती समजलं कुणास ठाऊक, पण त्यानं वाडग्याला हात लावला नाही. "खा की," मोए त्याला म्हणाली, "इतके दिवस तर वाडगा चाटत होतास. जेवायला ये म्हटलं तर कोहुतेआ आणि बेड्यांत ये म्हटलं तर रॉडम, होय रे?" तो तिच्या तोंडाकडं बघून मान हलवत राहिला. बाई मायेनं चार घास खा म्हणतेय, असं त्याला वाटलं असावं.

जहाजावरून धूर निघाला, मग आवाज. गोळा खालच्या वस्तीत जिथं पडला तिथं नीरफणस आंबवायचा मोठा खड्डा होता; दुष्काळासाठी साठवलेला, बापजाद्यांच्या वेळचा. पानं, माती, आंबट लगदा उडून झाडांवर जाऊन चिकटला. सगळ्या खोऱ्यात तो वास पसरला. ओहोतू धावत आला.

"बघ! बघ काय केलंस! खड्डा गेला! आता दुष्काळात काय तुझी जीभ खायची लोकांनी?"

"मामा, आधी ते लाल फडकं सोडा डोक्याचं," मोए म्हणाली. "त्यांना नेम धरायला बरं पडतंय."

पायऱ्यांवरचे गडी हसले. ओहोतूनं दात खाल्ले, पण फडकं सोडलं. आणि सोडल्यावर तो तिथंच, त्या गड्यांच्या शेजारी बसला. का बसला, ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. दुसरा गोळा ओढ्यात पडला. पिंपं भरणारा खलाशी पिंपं टाकून पळाला.

तिसरा आलाच नाही. बहुतेक कप्तानाच्या ध्यानात आलं असणार, की हा गोळा आपल्याच लेफ्टनंटाच्या डोक्यात बसला तर वर जाब द्यावा लागेल. बेटावरचा माणूस हरवला तर कुणी विचारत नाही. राजाचा अधिकारी हरवला तर विचारतात. पेना परत आला तो घामाघूम.

"देतो म्हणतो. किनाऱ्यावर अदलाबदल. पण..."

"पण काय?"

"फटके सगळ्या खलाशांसमोर जाहीर केले होते. ते मारूनच देणार."

मोए उठून उभी राहिली. "चला," ती म्हणाली, आणि पायऱ्यांवरच्या गड्यांनी रॉडमला वाट दिली.

किनाऱ्यावर सगळं खोरं जमलं. जहाजाची नाव वाळूला लागली. बंदुका रोखलेले शिपाई पुढं, त्यांच्यामागून कोहुतेआ. तो दोन पायांवर चालत होता, एवढंच. जवळ आला तेव्हा मोए त्याच्या मागं गेली, पाठ बघायला. खांद्यापासून कमरेपर्यंत गोंदणाच्या सुबक ओळी होत्या, घराण्याच्या. त्या आता कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात ते दिसत नव्हतं. मांसच वर आलं होतं.

रॉडम घाईनं नावेकडं निघाला. जाता जाता त्यानं कोहुतेआपुढं हात केला. डोळ्यांत पाणीही होतं म्हणतात. असेल. पाणी आणायला काय लागतं?

"थांब, कोहुतेआ," मोए म्हणाली.

बदललेलं नाव परत घ्यायची रीत आपल्याकडं नाही. दिलं ते दिलं, मरेपर्यंत. सगळ्यांना हे ठाऊक होतं, मोएलाही. तिनं रॉडमच्या डगल्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि खाली ओढली. डगला गेला, सदरा टरकला. शिपायांनी बंदुका उचलल्या. पेना मध्ये पडून दोन्ही हात हलवत त्यांच्या भाषेत ओरडला, "मारणार नाही! ती फक्त बघतेय! फक्त बघतेय!"

रॉडमची पाठ गोरी, गुळगुळीत, कुठं ओरखडा नव्हता. मोएनं त्याला खांद्याला धरून खोऱ्याकडं वळवलं, सगळ्यांना दिसेल असं.

"बघा," ती म्हणाली. "बघा नीट. ही कोहुतेआची पाठ आहे का?"

मग ती ओहोतूकडं वळली.

"मामा, तुम्ही सांगा. तुम्ही प्रमुख."

ओहोतूनं आधी एक पाठ बघितली, मग दुसरी. बंदुका रोखलेल्याच होत्या. "नाही," तो म्हणाला. "ही नव्हे."

मोएनं हात सोडले. रॉडम डगला गोळा करून नावेत चढला. किनाऱ्यावरच्या लोकांनी एकेकानं तोंड फिरवलं. खोऱ्यात मेलेल्या वैऱ्याकडंसुद्धा लोक बघतात. ह्याच्याकडं कुणी बघितलं नाही. पेनानंही नाही, आणि तो तर त्यांच्यातलाच.

वारा सुटला होता. मोए भावाला पुढं घालून वर निघाली. तो हळू चालत होता, आणि ती त्याच्याहून हळू, हात पुढं धरून, पडलाच तर सावरायला. ओढा ओलांडताना तो थांबला.

"ताई, तो आपल्या घरी होता म्हणे. जेवला का काही?"

"तुझ्या वाडग्यात दिलं होतं. नाही जेवला."

"अरेरे," कोहुतेआ म्हणाला.

"चल पुढं," मोए ओरडली, "नाहीतर इथंच टाकीन तुला!" आणि पाण्यात उतरून तिनं त्याच्या कमरेला हात घातला.